नावेला छप्पर हवं, रेनकोट नको!

‘वीकेंडला काय करतेस?’ या प्रश्नाला हल्ली ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकापेक्षा एक उत्तरं ऐकायला मिळतात. कुणी कुंभारकाम शिकतंय, कुणी गच्चीत भाजी लावतंय, कुणी दर रविवारी एक किल्ला चढून सोमवारी गुडघे चोळत बसतंय. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्यानं या सगळ्यांवर कडी केली. त्यांनी नाव बनवली! कागदाची नाही हो, लाकडाची. सोळा फूट लांब, दोन्ही टोकांना निमुळती, हातातल्या वल्ह्यानं हाकायची. कनू म्हणतात ना, ती. तो बँकेत, ती सॉफ्टवेअरमध्ये. ठाण्याजवळच्या एका सुताराच्या शेडमधला कोपरा भाड्यानं घेऊन दोघं दोन वर्षं दर शनिवारी लाकडाच्या पट्ट्या चिकटवत, घासत आणि (तिच्या म्हणण्याप्रमाणे) भांडत होती. नाव मात्र अशी देखणी झालीय, की एकदा हात फिरवला की काढवत नाही.

पुढचा प्रश्न, ती ठेवायची कुठं? फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, नाव लिफ्टमध्ये मावणार नाही. पार्किंगमध्ये ठेवायची तर सेक्रेटरीकाका म्हणाले, वाहन असेल तर नंबरप्लेट दाखवा. शेवटी तिच्या ऑफिसमधला एक सहकारी मदतीला धावला. त्याचं घर मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर. घरामागे मोकळी जागा, आईवडील तिथंच राहतात. मग या दोघांनी प्लॅन केला. मेच्या शेवटी नाव गाडीच्या टपावर बांधून न्यायची, निळ्या ताडपत्रीत डबल गुंडाळायची, नायलॉनच्या दोरीनं करकचून आवळायची आणि थेट दिवाळीला उघडायची. मला मेसेज आला, ‘चालेल ना?’

नाही चालणार. दिवाळीला ताडपत्री सोडाल तेव्हा आतून कुबट वास येईल, व्हार्निशवर पांढरे फोड दिसतील आणि टोकाच्या लाकडात अंगठ्याचं नख सहज रुतेल. दोन वर्षांचे शनिवार एका पावसाळ्यात गेले! ही दोघं एकटी नाहीत. कुणी कर्जतला लाकडी झोपाळा गुंडाळून ठेवतं, कुणी अलिबागला सागवानी बाकं. सगळ्यांचा समज एकच, की पाणी लाकडाचं शत्रू, म्हणून पाणी अडवलं की काम झालं.

पण पाण्यानं लाकूड मरत नाही, बॉस. नेदरलँड्समध्ये पेस्से नावाचं गाव आहे. १९५५ साली तिथं महामार्गाचं काम चालू असताना दलदलीतून एक ओंडका वर आला. नीट पाहिलं तर ती नाव होती, पाइनचं खोड कोरून केलेली, जेमतेम तीन मीटर लांब. तपासणीत तिचं वय निघालं साधारण दहा हजार वर्षं! आजवर सापडलेली जगातली सर्वांत जुनी नाव म्हणून ती असेन शहरातल्या म्युझियममध्ये ठेवलेली आहे. दहा हजार वर्षं ती ओल्या चिखलातच तर होती. कुजली का नाही? कारण लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला जगायला ओलावा लागतो, ऊब लागते आणि हवाही लागते. चिखलाच्या तळाशी हवा नव्हती. बंगालमध्ये ताडाच्या खोडाच्या डोंग्या काम नसताना तळ्यात बुडवून ठेवतात, तेही त्याचसाठी. पाण्यात त्या कुजत नाहीत आणि उन्हानं चिरतही नाहीत.

म्हणजे ठणठणीत कोरडं लाकूड टिकतं आणि पूर्ण बुडालेलंही टिकतं. मरतं ते मधल्यामध्ये लटकलेलं, ओलसर, उबदार आणि थोडीशीच हवा मिळणारं. आता सांगा, ताडपत्रीच्या आत दुसरं काय असतं?

यात मोखाड्याचा पाऊस घाला. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईकरांना या आकड्याचं काय कौतुक! पण मुंबईत पाऊस झोडपतो आणि दुपारी ऊन पडतं. इथं घाटमाथ्यावर तो ढगात बसून पडतो. जुलैत सूर्यमाळच्या बाजूला गेलात तर दिवसचे दिवस समोरचं झाड दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, माचीस पेटत नाही, भिंतीला हात लावला तर हात ओला. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवर राहिली की लाकूड अंगावर एक थेंबही न पडता हवेतूनच ओलावा ओढून घेतं, आपल्या वजनाच्या साधारण २० टक्के. आणि बुरशीचं दुकान उघडतं ते याच्या जरासं पुढं. मे महिन्यात हेच लाकूड आठ-दहा टक्क्यांवर असतं. म्हणजे जुलैत तुमची नाव काहीही न होताच उंबरठ्यावर उभी असते. त्यात एक गळती, एक साचलेलं डबकं, एक बंद कोपरा मिळाला की ती आत गेलीच.

म्हणून इथं लढाई पाणी अडवण्याची कमी आणि लाकडाला वारा मिळवून देण्याची जास्त. कॉलेजात असताना रेनकोट घालून लोकल पकडली की काय व्हायचं आठवतंय? बाहेरून पाऊस लागायचा नाही, पण आतून शर्ट घामानं चिंब! गुंडाळलेल्या नावेचं तेच होतं. जमिनीतून वाफ येते, लाकडातून येते. दुपारी ढग जरा फाटले की प्लास्टिकखाली उकाडा, रात्री गारवा आणि प्लास्टिकच्या पोटाला लागलेले थेंब टपटप नावेवर. ताडपत्री जिथं लाकडाला चिकटते तिथं तर ते पाणी हलतही नाही. तिथंच पहिला काळा डाग पडतो.

हा प्लॅन त्या सहकाऱ्याच्या वडिलांना फोनवर सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘पावसाळ्यात तुम्ही तिकडं घरं पण गुंडाळून ठेवता काय?’ एमबीएच्या दोन वर्षांत इतकी नेमकी केस स्टडी मिळत नाही! या भागातली जुनी पद्धतीची घरं बघा. कारवीच्या काठ्यांचा कूड, वरून शेणमातीचं लिंपण, गवताचं उतरतं छप्पर. पाणी वरून घरंगळून जातं आणि घर अंगभर श्वास घेत राहतं. आता बऱ्याच घरांवर कौलं नाहीतर पत्रे आलेत, ते असो. पण छप्पर म्हणजे अंगापासून दूर असलेलं आणि बाजूंनी उघडं, ही समज तिथं कुणाला शिकवावी लागत नाही.

कोळ्यांनाही नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला एका टोकाला सातपाटी-डहाणूचा समुद्र आला आणि दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचा डोंगर. नाव कशी ठेवायची हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे ते लोक याच जिल्ह्यात, दोन-तीन तासांवर राहतात. पावसाळी मासेमारीबंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. त्याआधी कोकण किनाऱ्यावर होड्या वर ओढायची एकच धांदल उडते. बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, अंग धुऊन वाळवायचं, तेल द्यायचं आणि मग होडी शाकारायची. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शब्दच हा आहे. जसं घर शाकारायचं तशीच होडी शाकारायची. पूर्वी नारळाच्या झापांचं छप्पर असायचं, हल्ली पुष्कळदा बांबूवर ताणलेलं प्लास्टिक असतं. पण होडीच्या डोक्यावर हातभर जागा सोडून, दोन्ही तोंडं मोकळी ठेवून. नारळी पौर्णिमेला ती झटकून पुन्हा पाण्यात. ‘शाकारणं’ आणि ‘गुंडाळणं’ या दोन शब्दांत सगळा फरक आला.

(एक गोष्ट मात्र समुद्राला आहे आणि मोखाड्याला नाही. खारं पाणी बुरशीला मानवत नाही. युरोपात जुने जहाज बांधणारे लाकडी सांगाड्याच्या फटींत मुद्दाम मीठ भरत. समुद्राच्या होडीचा खरा वैरी म्हणजे लाकूड पोखरणारा शिपवर्म. तो गोड्या पाण्यातल्या आपल्या नावेला शिवणार नाही. पण पावसाचं गोडं पाणी बुरशीला अगदी अमृत!)

आता कामाचं बोलू. आधी आपली नाव कुठल्या जातीची आहे ते ओळखा. आमच्या जोडप्यासारखी पट्ट्यांची, वर इपॉक्सी आणि काचेच्या कापडाचा थर दिलेली असेल तर पाण्यापेक्षा ऊन वैरी. उघड्या इपॉक्सीला ऊन खातं, म्हणून त्यावर ऊन थोपवणाऱ्या व्हार्निशचे चार-सहा हात हवेतच, आणि दर वर्षी हलकं घासून एक नवा हात. थरावर कुठं टवका उडाला असेल तर तो जूनच्या आधी बुजवायचा. तिथून शिरलेलं पाणी बाकी थरामुळे आतच कोंडून राहतं आणि हळूहळू खात जातं. मरीन प्लायची नाव असेल (आयएस ७१० चा शिक्का असलेलंच वापरलंय ना?) तर नजर कडांवर ठेवा. प्लायच्या कापलेल्या कडा पाणी नुसतं पीत नाहीत, ओढतात. साध्या फळ्यांची नाव असेल तर ती पावसात फुगणार आणि उन्हात आकसणार, तिला जाड रंगापेक्षा तेल बरं. आणि एका खोडातून कोरलेली असेल तर तिला एकदम कोरडं करणं हाच गुन्हा. चीर पडते ती टोकांपासून, म्हणून टोकांना तेल भरपूर पाजा आणि सावली कधी सोडू नका.

तेलाची गोष्ट निघालीच आहे तर सांगते. कोकणात आणि गोव्यात होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी रीत आहे. बुरशी आणि किडे दोघांनाही ते नकोसं. हातमोजे मात्र घाला, बिब्ब्याचा भाऊबंद आहे तो, कातडी सोलून निघते. २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ आठवतेय का? अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेली, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्यानं शिवलेली. तिच्याही अंगाला काथ्या, राळ, तेल असलाच जुना मसाला. दुकानात सहज मिळणारं जवसाचं तेलही चालतं, पण ते फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा, म्हणजे पावसाआधी पूर्ण वाळेल. ओलसर राहिलं तर बुरशी ते आवडीनं चाटते. आणि तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. उगाच घाबरवत नाहीये, खरंच घेतात. दोरीवर पसरून वाळवा. एक अपेक्षा मात्र मी ठाम ठेवते, की गाडीचं जळकं ऑइल नावेला फासायचं नाही. पहिल्याच सरीत ते उतारानं ओढ्यात जाणार, आणि तो ओढा कुणाचं तरी पिण्याचं पाणी असतं.

जागा निवडताना आपल्याला हमखास वाटतं, आंब्याखाली छान सावली आहे. नको! पाऊस थांबल्यावरही झाड तासभर गळत राहतं. पानं, चीक, पक्ष्यांची शिट, आणि वादळात मोडलेली फांदी, सगळं नावेवर. घराच्या पागोळ्यांखालीही नको. थोडी उंचवट्याची, पाणी न साचणारी आणि वारा खेळणारी जागा बघा. एप्रिल-मे मध्ये बघायला गेलात तर शेतकऱ्याला विचारा की राब कुठं भाजतात. पेरणीआधी पालापाचोळा, शेणी आणि फांद्या पसरून रोपांची जागा भाजायची या भागाची पद्धत आहे. वाऱ्याबरोबर ठिणगी उडते. एका बाजूला व्हार्निश केलेली नाव, वर सुकं गवत, आणि शेजारी राब! तीन गोष्टी एकत्र येऊ देऊ नका.

नाव नेहमी पालथी ठेवायची. उताणी ठेवली की ती होडी राहत नाही, हौद होतो. जमिनीवर तर मुळीच नाही. पावसाचा थेंब मातीवर आपटून फूटभर तरी उडतो आणि वाळवीही मातीतूनच येते. चार मेढी, म्हणजे वर दुबेळकं असलेले खांब, रोवायचे आणि त्यावर दोन आडवे दांडे. नावेचे काठ जमिनीपासून दोन-अडीच फूट वर राहिले पाहिजेत. सोळा फुटी नाव असेल तर दांडे दोन्ही टोकांपासून साधारण साडेतीन-चार फूट आत घ्या. टोकांवर टेकवली तर मधून पोट सुटतं, अगदी मधोमध टेकवली तर टोकं मान टाकतात. चार महिन्यांत लाकूड त्या वळणाला सरावलं की परत सरळ होत नाही. दांड्यांवर गोणपाट किंवा जुना गालिचा टाकायचा मोह होईल. आवरा. तो चार महिने ओलाच राहणार, आणि नेमका लाकडाला चिकटून. प्लास्टिकचा पाइप उभा चिरून दांड्यावर बसवा, पाणी निथळून जाईल.

मग छप्पर. गवताचं केलंत तर उत्तम, पण उतार ४५ अंशांचा तरी हवा. उतार कमी झाला की गवत पाणी सोडत नाही, पितं. पत्रा चालतो. पत्र्याच्या पोटालाही थेंब धरतात म्हणून खाली एक चटई ताणा. आणि हो, ताडपत्रीसुद्धा चालते! ताडपत्री बिचारी वाईट नाही, आपण तिला चुकीच्या जागी ठेवतो. मधोमध एक आडं टाका, त्यावरून ताडपत्री तंबूसारखी दोन्ही बाजूंना उतरवा, नावेच्या पाठीपासून फूटभर वर राहू द्या, पुढची-मागची तोंडं उघडी सोडा. झाली शाकारून. फक्त पश्चिमेची बाजू जास्त खाली उतरवा. पावसात तिकडून झड येते, आडवी. या गावांतली घरं बघा, पश्चिमेकडचं छप्पर जमिनीकडं झुकलेलं सापडेल. नावेचं एक टोक वाऱ्याकडं करा, आडवी ठेवू नका. पंचवीस-तीस किलोची पालथी नाव वाऱ्याला विमानाच्या पंखासारखी सापडते. रुंद कापडी पट्ट्यानं दोन्ही दांड्यांना बांधायची, हलणार नाही इतकीच. आवळून काठ चेपायचे नाहीत.

लाकूड मात्र जंगलातून तोडून आणू नका, आणि कुणाला आणायला सांगूही नका. वनखात्याचा त्रास तुम्हाला नाही, गावातल्या माणसाला होतो. बांबू, बल्ल्या, गवत, सगळं रीतसर विकत मिळतं.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगून टाकते. नावेत तरंगण्यासाठी बंद कप्पे केले असतील तर त्यांची झाकणं काढून ठेवा, सर्वांत आधी कुजतात ते तेच. वल्ही घरात टांगा, भिंतीला टेकवून ठेवलीत तर वाकतात. लाइफ जॅकेट नावेखाली ठेवलीत तर उंदरांना तयार बाळंतखोली मिळेल. चोहोबाजूंनी पाच फूट गवत काढलेलं असू द्या. मेढींवर मातीची बारीक नळी चढताना दिसली की ती वाळवी, लगेच मोडा. आणि पावसाळ्यात नावेखाली हात घालण्याआधी काठीनं ठोकून बघा. कोरडी जागा फक्त तुम्हालाच हवी असते असं नाही. घोणस आणि मण्यार यांनाही हवी असते.

आता जरा अवघड मुद्दा. ही नाव सांभाळणार कोण? ‘काका आहेत ना तिथं!’ हे उत्तर पटकन येतं. काका आहेत, पण काकांना स्वतःची कामं आहेत. जून-जुलै म्हणजे नागलीची आणि भाताची आवणी. घरातलं प्रत्येक माणूस सकाळपासून चिखलात असतं. तेव्हा फोन करून ‘काका, जरा नाव बघून फोटो पाठवता का?’ म्हणायचं नाही. दिवाळीनंतर तर पाडेच्या पाडे ओस पडतात. वसई-भिवंडीकडं, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर माणसं कामाला जातात ती होळीच्या सुमारास, कधी उन्हाळा संपता संपता परततात. मग तुमच्या नावेवर नजर कुणाची? जागा वापरताय तर भाडं द्या, आधी बोलून, महिन्याच्या महिन्याला. शाकारायला माणसं लागली तर मजुरी द्या. ‘ते आपलेच आहेत, पैसे घेणार नाहीत’ हे वाक्य मी फार ऐकलंय, आणि ते नेहमी देणाऱ्याच्याच तोंडून ऐकलंय. आणि पावसात महिन्यातून एकदा स्वतः जा. चार तासांचा तर रस्ता आहे. नाहीतरी त्या दिवसांत तुम्ही धबधबा बघायला दाभोसाला जाताच की!

पाण्याचंही बोलायला हवं. मेमध्ये नाव पोचवाल तेव्हा ती रस्त्याच्या धुळीनं माखलेली असेल आणि साहजिकच वाटेल, बादलीभर पाणी मारू. थांबा. मोखाड्यात एप्रिल-मे म्हणजे आटलेल्या विहिरी, टँकरची वाट आणि डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या बायका. याच तालुक्यात, कोचाळ्याजवळ, २०१४ साली पूर्ण झालेलं मध्य वैतरणा धरण आहे. त्यातलं पाणी मुंबईला जातं, म्हणजे तुमच्याआमच्या शॉवरमध्ये. त्या गावात नाव धुवायला पाणी मागायचं? नाव निघण्याआधी ठाण्यातच धुवा, तिथं पोचल्यावर ओलं फडकं फिरवा. पुरतं. आणि ही धरणं पिण्याच्या पाण्याची आहेत, त्यामुळे ‘मस्त बॅकवॉटर आहे’ म्हणून परस्पर नाव ढकलायची नाही. कुठं परवानगी लागते, कुठं नाही, हे आधी विचारून घ्या. नदीचे डोहही गावाचे असतात. कुठं भोवरा आहे, कुठं खडक आहे, कुठं बायका कपडे धुतात, सगळं गावाला माहीत असतं.

राहिला ऑक्टोबर. पाऊस गेला, ऊन आलं, की आपल्याला वाटतं आता छप्पर काढून नावेला मस्त ऊन दाखवू. चार महिने ओलावा प्यायलेल्या लाकडाला ऑक्टोबर हीटमध्ये एकदम उघडं टाकलं तर ते तडकणारच. आधी फक्त पश्चिमेची झड वर गुंडाळा, आठवडाभर वारा खेळू द्या. मग दुसरी बाजू. छप्पर सगळ्यात शेवटी, आणि तेही सकाळच्या उन्हात. टोकं, कडा, खिळ्यांच्या जागा, कप्प्यांचे कोपरे, इथं बोटानं दाबून बघा. मऊ लागलं, ठोकल्यावर ठणठण ऐवजी ठपठप आवाज आला, तर तिथं खरवडून वाळवून दुरुस्ती करायची, वरून रंग मारून झाकायचं नाही.

साध्या फळ्यांची नाव असेल तर पाण्यात घातल्यावर पहिला तासभर ती गळेल. घाबरून परत ओढू नका. सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. काठाशी दोरीनं बांधून, थोडं पाणी आत येऊ देऊन, एक रात्र तशीच ठेवा. सकाळी डब्यानं पाणी उपसा आणि मग बसा. डबा मात्र घरून न्यायला विसरू नका.